पैसे नाहीत, हे दरवेळी आम्हालाच का?

देश आर्थिक संकटात सापडला की पहिली कात्री शिक्षणालाच का लागते? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले, राज्यात नव्या पदभरतीवर बंदी आली आणि साताऱ्यात तासिका तत्त्वावर शिकवणारे आम्ही एका फटक्यात उघड्यावर आलो. कारण तास झाला तरच मानधन, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत वर्ग तर बंद! पीएच.डी. झालेला माझा सहकारी त्या उन्हाळ्यात दुचाकीवरून भाजी विकत होता. वर्ग केव्हाच सुरू झाले, तरी मानधन अजूनही महिनोन्‌महिने अडकते. किराणा दुकानदाराला ‘बिल मंजुरीला गेले आहे’ असे किती वेळा सांगायचे?

विद्यार्थ्यांचे हाल तर बघवत नाहीत. पाटणच्या डोंगरातून पहाटेच्या एसटीने येणारी मुलगी उपाशीपोटी पहिल्या तासाला बसते. तिची शिष्यवृत्ती वर्ष सरले तरी येत नाही, परीक्षा शुल्काची मुदत मात्र एक दिवसही हलत नाही आणि विलंब शुल्क पुन्हा तिच्याच माथी. शिष्यवृत्ती रखडल्याचा दंड कोण भरणार? ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील अर्थात अण्णांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, गरिबाच्या पोरांना ‘कमवा आणि शिका’ म्हणत उभे केले, त्याच जिल्ह्यात वडिलांचे काम सुटले म्हणून मुलगा दुसऱ्या वर्षाला प्रवेशच घेत नाही. त्याला ‘परत ये’ म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू? पुढच्या सत्रात मला तरी तास मिळणार आहेत का?