दुबईला नेलेल्या औषधांबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,
स. न. वि. वि.

परवा आपण आमच्या औषध दुकानाला एक तारा देऊन जो अभिप्राय लिहिला, तो माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवला आणि मी तो तीनदा वाचला. इतर वाचकांसाठी आपल्या तक्रारी थोडक्यात सांगतो. आपण मातोश्रींना घेऊन दुबईला भावाकडे निघालात, त्या रात्री आम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या आपल्या गळ्यात मारल्या. झोपेच्या गोळ्या सहा महिन्यांच्या मागितल्या असता महिन्याच्याच दिल्या. इन्सुलिनसाठी थर्माकोलचा जुना डबा दिला. बिलावर रुग्णाचे नाव नीट घातले नाही. आणि हे सर्व "शटर ओढायच्या घाईत" उरकले. त्यामुळे दुबईच्या विमानतळावर आपल्याला दीड तास बसवून ठेवले आणि झोपेच्या गोळ्या काढून घेतल्या. "पैसे घेताना मात्र घाई नव्हती," असेही शेवटी लिहिले आहे.

मातोश्रींना या वयात परक्या मुलखात तसे बसून राहावे लागले, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. कापलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत चूक आमचीच आहे. ९० गोळ्या हव्या होत्या, म्हणजे १५ च्या सहा पट्ट्या. दुकानात अखंड चारच निघाल्या आणि उरलेल्या ३० गोळ्या दुकानात कामाला असलेल्या मुलाने चार तुकडे जुळवून पुऱ्या केल्या. पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेले टोक शेवटपर्यंत राखायचे, हे मी त्याला शिकवलेले आहे, तरी त्या चार तुकड्यांपैकी एकावरच तारीख होती. ते तुकडे खाकी पाकिटात घालून त्याने वर नेहमीप्रमाणे बॉलपेनने "सकाळी १, नाश्त्यानंतर" असे लिहिले. कापलेली पट्टी बेळगावात चालते, कारण इथे गोळी ओळखणारा मी समोर उभा असतो. दुबईच्या अधिकाऱ्यापुढे मात्र नाव नसलेला चंदेरी कागद आणि न वाचता येणारी मराठी एवढेच गेले. हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

बिलावर रुग्णाच्या जागी मुलाने आपले नाव घातले, हेही खरे आहे. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मातोश्रींना घरी हाक मारतात ते नाव होते आणि पासपोर्टवरचे नाव निराळे आहे, हे आम्हाला आपल्या अभिप्रायातूनच कळले. पासपोर्ट, चिठ्ठी आणि बिल या तिन्हींवर एकच नाव असावे लागते आणि त्याची सुरुवात चिठ्ठीपासून होते.

आता "शटर ओढायच्या घाई"बद्दल. बाकीचे सगळे मी ऐकून घेतले असते, पण हा शब्द मला लागला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचे दुकान रात्री साडेनऊला बंद होते. आपण आलात तेव्हा ९ वाजून २० मिनिटे झाली होती. मला हे आठवते, कारण मुलाने बाहेरचा फलक आत घेतला होता आणि मी गल्ला मोजायला बसलो होतो. रेल्वे गेट पडल्यामुळे उशीर झाला, असे आपण म्हणालात. आपली मुंबईची स्लीपर धर्मवीर संभाजी चौकातून साडेदहाला सुटणार होती आणि आपली गाडी दुकानासमोर चालूच ठेवलेली होती. मी मोजलेला गल्ला तसाच ड्रॉवरमध्ये ढकलला, मातोश्रींना आतल्या बाकावर बसवले आणि औषधे काढायला घेतली. बिलावर छापून आलेली वेळ ९ वाजून ५८ मिनिटे आहे. आपल्याकडच्या प्रतीवरही तीच असेल, कृपया पाहावी. शटर ओढले तेव्हा सव्वादहा वाजले होते. म्हणजे ज्या दुकानाला घाई होती, ते आपल्यासाठी पाऊण तास जास्त उघडे राहिले. त्या काळात बाहेरून तीन वेळा हॉर्न वाजला, तो आमचा नव्हता.

तिकिटे दोन महिन्यांपूर्वी काढली होती, हेही आपणच त्या रात्री कौतुकाने सांगितले होते. स्वस्तात मिळाली म्हणालात. त्या दोन महिन्यांत एखाद्या दुपारी, निदान आदल्या आठवड्यात, चिठ्ठी घेऊन आला असतात, तर सहा अखंड पट्ट्या मी दुसऱ्या दिवशी घाऊकवाल्याकडून आणून ठेवल्या असत्या, आणि त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी सांगितल्या असत्या, ज्या रात्री दहा वाजता सांगून उपयोग नव्हता.

त्यांतली पहिली गोष्ट झोपेच्या गोळीची. गिऱ्हाइकाचे औषध चारचौघांत बोलणे आमच्या धंद्यात बसत नाही. पण अल्प्राझोलाम हे नाव आपणच अभिप्रायात लिहिले आहे, म्हणून तेवढ्यापुरते बोलतो. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत येते. १ मार्च २०१४ पासून या यादीतील प्रत्येक औषध देताना डॉक्टरांचे नाव आणि पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपून ठेवावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही या औषधाचा समावेश आहे. आपल्या चिठ्ठीवर "रोज रात्री १, ३० दिवस" असे स्पष्ट लिहिलेले होते, आणि पुन्हा द्यावे असा शेरा नव्हता. तो नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते. आपण मागितल्या १८०. मी ३० दिल्या. याला आपण अडवणूक म्हटले आहे. उद्या तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर उघडून बाकीच्या १५० गोळ्यांचा हिशेब विचारला, तर माझा परवाना जाईल. या परवान्यावर माझे आणि दोन मुलांचे घर चालते.

दुसरी गोष्ट दुबईची. तिथे झोपेच्या आणि चिंतेच्या अशा गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे नियंत्रित यादीत मोडतात. ती न्यायची असतील तर प्रवासाआधीच तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर चिठ्ठी, वैद्यकीय अहवाल आणि पासपोर्टची प्रत जोडून परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळाली तरी साधारण महिन्यापुरतेच औषध नेऊ देतात. म्हणजे मी १८० गोळ्या दिल्या असत्या, तर परवानगीवाचून आपण सहापट अडचणीत आला असता. आपल्या ३० गोळ्या गेल्या त्या माझ्या पाकिटामुळे नव्हे, परवानगी नव्हती म्हणून. पाकिटामुळे फार तर त्या अधिकाऱ्याचा संशय वाढला असेल. तेवढा दोष मी घेतो.

मी त्या रात्री हे सांगितलेच नाही, असे आपण लिहिले आहे. सांगितले होते. "साहेब, ह्या गोळीला तिकडे परवानगी लागते, नसेल तर नेऊ नका, डॉक्टरांना फोन करून दुसरा काही उपाय विचारा," असे मी म्हणालो, तेव्हा आपण फोनवर ड्रायव्हरशी बोलत होता आणि हाताने मला "असू दे" केलेत. मी पुन्हा सांगायला हवे होते का? कदाचित हवे होते.

त्याच वेळी मातोश्री बाकावरून आपल्याला म्हणत होत्या की अनारशांचा डबा वरच्या बॅगेत ठेव, चुरा होईल. ते ऐकून मी काउंटरच्या बाहेर आलो आणि अनारशांवर खसखस असते, खसखस दुबईत बंदीची आहे, तो डबा घरीच ठेवा, असे त्यांना सांगितले. त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी आपण तो डबा ड्रायव्हरबरोबर परत पाठवलात. अभिप्रायात अनारशांचा उल्लेख नाही.

थर्माकोलचा डबा जुना होता, कारण तो लसींच्या मालाबरोबर आमच्याकडे येतो आणि आम्ही तो विकत नाही. आपल्या बिलातही त्याचा एक पैसा लावलेला नाही. आतल्या बर्फाच्या पिशव्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, कारण इन्सुलिनला बर्फ थेट लागला आणि ते गोठले तर फेकून द्यावे लागते. विमानात द्यायच्या मोठ्या सामानात ते टाकू नका, तिथेही गोठू शकते, हातातल्या पिशवीतच ठेवा, हे मी दोनदा सांगितले होते आणि इन्सुलिन व्यवस्थित पोहोचले असावे, कारण त्याबद्दल आपली तक्रार नाही. पैशांचे म्हणाल, तर त्या वेळी फोनवरून पैसे जाईनात, म्हणून "गाडीत बसल्यावर पाठवा" असे मीच म्हणालो. ते दुसऱ्या दिवशी सकाळी जमा झाले.

हे सगळे येथे लिहावे लागले याचे वाईट वाटते. पण कालपासून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी "काय हो, दुबईचं काय झालं?" म्हणून विचारले, आणि त्यांतल्या एकाने या महिन्याची यादी अजून आणून दिलेली नाही. घरपोच औषधे मोठ्या सवलतीत देणाऱ्यांपुढे आमच्यासारख्या टिळकवाडीतल्या दुकानाकडे रात्री साडेनऊला उघडे राहण्यापलीकडे फारसे काही नसते, आणि नेमके तेच आपण आमच्या विरोधात लिहिलेत.

सुधारणा आम्ही करीत आहोत. परदेशी जाणाऱ्यांना यापुढे कापलेली पट्टी दिली जाणार नाही, बिलावर पासपोर्टप्रमाणे नाव घातले जाईल आणि चिठ्ठी नसलेल्या महिन्यांसाठी आग्रह झाला तरी मुलगा नीट शब्दांत नकार देईल. त्याला समज दिली आहे. काउंटरवर एक सूचनाही लवकरच लावायची आहे. तीत काय लिहायचे, हे ठरायचे आहे. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे, हे तर असेलच, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडे कुणाला माहीत नसतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त औषध नेऊ नये आणि मूळ पाकिटातच न्यावे, सिंगापूरला काही औषधांना आधी मंजुरी लागते, जपानला जाणाऱ्या मुलांनी स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी सवयीने बॅगेत टाकू नये, असेही लिहावे असा विचार आहे. मुलगी म्हणते, एवढे कुणी वाचणार नाही.

शेवटी एक राहिले. एच-वनच्या रजिस्टरात नोंद करण्यासाठी मुलाने आपल्याकडून डॉक्टरांची मूळ चिठ्ठी घेतली होती. नोंद पुरी होण्याआधीच शेवटचा हॉर्न वाजला, आपण मातोश्रींना धरून गाडीत बसवलेत आणि चिठ्ठी काउंटरवरच राहिली. ती आपल्या हातात देणे आमचे काम होते, हे मान्य आहे. मी दहा वाजून पाच मिनिटांनी आणि पुन्हा सव्वादहाला फोन केला, तो लागला नाही. सकाळी फोटो पाठवला, तो आपण पाहिल्याची खूण दुपारी आली. दुबईत आपण अधिकाऱ्याला मोबाइलवर दाखवलेली चिठ्ठी म्हणजे तोच फोटो असावा.

मूळ चिठ्ठी आमचा शिक्का आणि तारखेसह प्लास्टिकच्या पाकिटात घालून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. आपण परत आल्यावर, किंवा त्याआधी घरातले कोणीही, सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ या वेळेत येऊन ती घेऊन जावी. थोडा उशीर झाला तरी चालेल.

आपला नम्र,
दुकानाचा मालक व नोंदणीकृत फार्मासिस्ट
टिळकवाडी, बेळगाव