मिस्त्रीकाकांचं ज्ञान ताळेबंदात कुठे लिहू?

बावीस वर्षं मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिते आहे. यंत्र घेतलं की त्याची नोंद होते, दरवर्षी घसारा निघतो, विम्याचा हप्ता जातो. ऑफिसातला पंखासुद्धा मालमत्तेच्या यादीत असतो. ज्या माणसाच्या हातावर ते यंत्र चालतं, त्याचं नाव मात्र पगाराच्या रजिस्टरात, म्हणजे खर्चाच्या बाजूला. इतकी वर्षं मला यात काही खटकलं नव्हतं. एका कारखान्यात जे झालं ते बघितल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

कारखाना ट्रान्सफॉर्मरचा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेले असतात, ते. तिथे वाइंडिंगवर, म्हणजे तार गुंडाळून कॉईल करायच्या कामावर, एक मिस्त्रीकाका होते, एकतीस वर्षं. आजोबांच्या काळापासून घर बडोद्यातच, दांडिया बझारच्या मागे. कॉईल तयार झाली की काका लाकडी हातोडीनं तिच्यावर हळूच ठोकत आणि कान देत. आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर थांबवत. मला आधी ती नुसती सवय वाटायची.

आता त्यामागचं कारण कळलंय ते सांगते. कॉईलमध्ये तारेबरोबर कागद असतो, प्रेसबोर्ड म्हणजे दाबून केलेला जाड पुठ्ठा असतो. कागद हवेतली ओल धरतो. भट्टीत वाळवल्यावर ओल जाते, कागद आकसतो आणि कॉईलची उंची कमी होते. बाहेर काढल्यावर ती सैल पडलेली असते, म्हणून ठोकल्यावर पोकळ वाजते. मग पाचरी घालून ती पुन्हा आवळायची आणि लवकरात लवकर टाकीत तेलाखाली घालायची, कारण उघड्यावर राहिली की कागद परत ओल पितो. किती आकसेल ते कागदावर अवलंबून, ऋतूवर अवलंबून. काका पावसाळ्यात उंचीचा अंदाज वेगळा ठेवत. ड्रॉइंगमध्ये फक्त शेवटचं माप असतं, तिथपर्यंत कसं पोचायचं ते नसतं.

2019 मध्ये काका साठीचे झाले. आणखी काही वर्षं काम करायची त्यांची तयारी होती. महिना साडेतीन हजार वाढवून मागितले आणि शिकवायला दोन मुलं हाताखाली मागितली. शेठ म्हणाले, ड्रॉइंग आहेत ना आपल्याकडे. काका गेले. त्या महिन्यात पगाराचा आकडा कमी झाला, तो मीच लिहिला आणि खर्च वाचला म्हणून मलाही बरं वाटलं होतं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

पुढच्या पावसाळ्यात एका ऑर्डरच्या लॉटमधून ग्राहकानं एक नग उचलून शॉर्ट सर्किट चाचणीला पाठवला. या चाचणीत काही क्षण प्रचंड प्रवाह सोडतात, कॉईलवर मोठा जोर येतो. नीट आवळलेली कॉईल तो सोसते. ही हलली. नव्या मुलानं भट्टीत घालायच्या आधी छान घट्ट आवळली होती, ड्रॉइंगबरहुकूम. भट्टीनंतर परत आवळायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोराचा यात काय दोष? नऊ ट्रान्सफॉर्मर उघडावे लागले. तेल, कागद, मजुरी, भट्टीची वीज आणि उशिराचा दंड धरून मी बेरीज केली, 6 लाख 80 हजार. काकांनी मागितलेल्या वाढीच्या हिशेबानं सोळा वर्षांचे पैसे. आणि त्या ग्राहकानं पुढची ऑर्डर दिली नाही, ते या बेरजेत धरलेलंच नाही.

हिशेबाच्या नियमात याला जागा नाही, हे खरं आहे. लेखा मानक 26, म्हणजे हाताला न लागणाऱ्या मालमत्तेचा हिशेबाचा नियम, सांगतो की कुशल माणसांवर धंद्याचा पुरेसा ताबा नसतो, म्हणून त्यांचं कौशल्य मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. प्रशिक्षणाचा पैसाही सरळ खर्चात जातो. नियमाचं म्हणणं मला पटतं, माणूस कुणाच्या मालकीचा नसतो. पण ताळेबंदात दिसत नाही म्हणजे त्याची किंमत शून्य, असं मालक धरून चालतात आणि आम्ही हिशेब लिहिणारे त्यांना ते धरू देतो.

स्वीडनमधल्या स्कांडिया या विमा कंपनीनं 1994 मध्ये वार्षिक अहवालाला एक पुरवणी जोडली होती, आपल्याकडच्या बौद्धिक भांडवलाची. लेइफ एडविन्सन हे त्या कामाचे प्रमुख. त्यांची विभागणी मला फार उपयोगी वाटते. काही ज्ञान माणसांजवळ असतं आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी जातं. काही माणसं गेल्यावरही मागे उरतं, वह्यांत, पद्धतींत, नोंदींत. आणि तिसरं ग्राहकाशी असलेल्या नात्यात. आमच्या कारखान्यात सगळं पहिल्या खात्यात होतं, दुसरं खातं रिकामं होतं. एका पावसाळ्यात तिसरंही गेलं.

बडोद्यात हे व्हावं याचं मला जास्त दुःख होतं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. रंगकाम, रसायन, यंत्रकाम, सुतारकाम, तेही देशी भाषेतून, म्हणजे कारागिराच्या मुलाला इंग्रजीची अडचण नको. दादासाहेब फाळके इथेच शिकून गेले. 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. 1907 मध्ये अलेम्बिक ही औषधं-रसायनांची कंपनी उभी राहिली, तिच्या मुळाशी गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि अमीन. त्याच्या पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा. आधी हात तयार केले आणि मग कारखाने, हा क्रम बघा. रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स हे सगळं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

मालकांची एक भीती मी रोज ऐकते. मुलाला शिकवलं की तो दोन हजारांसाठी शेजारच्या प्लॉटमध्ये जाईल. जातातही, मी पाहिलेत. पण म्हणून कुणालाच न शिकवता एका माणसाच्या डोक्यावर अख्खा धंदा ठेवायचा? तो माणूस आजारी पडू शकतो, साठीचा तर नक्कीच होतो. मग त्या शिकलेल्या मुलाला दोन हजार आपणच का देऊ नयेत?

मागच्या वर्षी मी वही घेऊन काकांच्या घरी गेले. म्हटलं, काका, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. दोन संध्याकाळी बसलो, चहा झाला, सहा पानं झाली. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, “ताई, हे लिहून नाही व्हायचं. कॉईल पुढ्यात पाहिजे आणि पोरगं शेजारी.” तेव्हा मला नोनाका या जपानी प्राध्यापकांनी 1991 मध्ये लिहिलेली हकीकत आठवली. मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव करायचं यंत्र बनवायचं होतं, पण पीठ नीट मळलं जाईना. मग इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर तज्ज्ञ ओसाकातल्या हॉटेलमधल्या मुख्य पाववाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिली. पीठ ओढताना त्याचा हात पिठाला पीळ देतो, हे तिनं शेजारी उभं राहून पाहिलं, इंजिनिअरांना सांगितलं आणि यंत्रात तशी रचना झाली. ते यंत्र धडाक्यात खपलं.

ती सहा पानं घेऊन मी शेठकडे गेले आणि 6 लाख 80 हजारांचा कागद त्यावर ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः काकांना फोन केला, “काका, माझं चुकलं” म्हणाले. आता आठवड्यातून दोन दिवस काका येतात, रिक्षाभाडं आणि मानधन वेगळं. दोन मुलं शेजारी बसतात, त्यातल्या एकाला हातोडीचा आवाज कळायला लागलाय. प्रत्येक कॉईलची भट्टीआधीची आणि भट्टीनंतरची उंची तोच वहीत लिहितो, तारखेसकट, त्या दिवशी पाऊस होता का तेही.

मकरपुऱ्यात, गोरव्यात तुमच्या ओळखीच्या कारखान्यात असे कुणी काका येत्या वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, तर मला कळवा. वही कशी आखायची, मानधन हिशेबात कुठे घालायचं, हे मी येऊन सांगेन, काही पैसे नकोत. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.