आपली पातळी कोणती?

वेबसाइट करायची ठरवली तेव्हा माझ्याकडे दोनशे पक्ष्यांचे फोटो होते आणि भरपूर आत्मविश्वास. फोटो निदान खरे होते.

सॉफ्टवेअरनं उघडताक्षणी विचारलं, ‘आपली पातळी कोणती? नवशिका, मध्यम की तज्ज्ञ?’ खोलीत कुणी नव्हतं, तरी ‘नवशिका’वर बोट जाईना. वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस नवशिका कसा? (त्यातली बरीच वर्षं एक्सेलच्या रकान्यांना रंग देण्यात गेली, पण ते त्याला कोण सांगणार?) ‘तज्ज्ञ’ म्हणायला जीभ रेटेना. मग ‘मध्यम’वर टिचकी मारली आणि तीन आठवड्यांची माती केली.

मध्यम माणसाला कोड दिसतो. अर्ध्या पडद्यावर कोड, अर्ध्यावर पान. खंड्याच्या फोटोखाली एक ओळ लिहायला गेलो आणि डिव्ह, म्हणजे कोडातली चौकट, बंद करणारी खूण (टॅग) माझ्या हातून पुसली गेली. पानाच्या तळाची कॉपीराइटची ओळ तडक फोटोच्या चौकटीत शिरली, चोचीतल्या मासोळीसारखी. चूक झाली म्हणून कुणी ओरडलंही नाही. ब्राउझर फार सोशिक. कसंही वेडंवाकडं एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) द्या, त्याला जे उमगेल ते मांडून तो मोकळा होतो. ती चूक हुडकायला मला रात्रीचा एक वाजला.

मग सीएसएस, म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या नियमांची भाषा. तिची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६च्या डिसेंबरात आली. पुढे तिच्यात फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची सोय येईपर्यंत चौकटीत एखादी गोष्ट उभी-आडवी बरोबर मधोमध बसवायला भलेभले कसरती करत. हे वाचून मला धीर आला. शीर्षक मात्र मधोमध आलं नाही. त्याचा रंगही बदलेना. नियमापुढे ‘इम्पॉर्टंट’ लिहिलं की तो बाकीच्यांना डावलतो, असं कळलं. लिहिलं. शीर्षक हिरवं झालं, सोबत मेन्यूही हिरवा झाला. म्हणून मेन्यूलाही ‘इम्पॉर्टंट’. अशा अठ्ठावीस बढत्या दिल्यावर कुणीच कुणाचं ऐकेना.

शेवटी भाचीला फोन केला. ती हेच काम करते.

“मामा, पानं किती हवीत?”

“एक. फार तर दोन.”

“नवीन फोटो कोण चढवणार?”

“मीच.”

“कोड बघायची हौस आहे?”

“होती.”

“मग वेबसाइट बनवायचं वर्डप्रेससुद्धा नको. त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, ती प्लगिन, अपडेट करत बसशील. ड्रॅग करून मांडायचं काहीतरी घे. आणि पातळी विचारली तर खरी सांग.”

नवं सॉफ्टवेअर घेतलं. पातळी खरी सांगितली, फोन ठेवल्यावर. यात फोटो माउसनं धरून हवा तिथे सोडता येई. दिवसभर मी दोन-दोन पिक्सेलनी बगळे सरकवले. मग पान मोबाइलवर उघडलं. सगळे पक्षी एकमेकांवर बसले होते आणि शीर्षक घुबडाच्या डोळ्यांवर पट्टीसारखं आलं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतून १९९१ साली जगासमोर आणलेल्या पहिल्या वेबसाइटवर नुसता मजकूर आणि दुवे होते. मोबाइलवर तिचं काही बिघडत नाही, कारण बिघडण्यासारखं तिच्यात काही नाहीच. माझ्या पानावर मात्र बगळेच अकरा होते.

“तू तयार टेम्प्लेट उचल,” भाची म्हणाली. “त्याची मोबाइलची मांडणी आधीच केलेली असते. तू फक्त फोटो आणि मजकूर बदल. बाकी कशाला हात लावू नकोस, मामा. हात जोडते.”

पक्ष्यांसाठी टेम्प्लेट नव्हतं. कुठल्याशा सल्लागार कंपनीसाठी बनवलेलं एक निवडलं. ‘आमची टीम’खालच्या चार हसऱ्या चेहऱ्यांच्या जागी खंड्या, बगळा, धनेश आणि घुबड बसवले. मोबाइलवर बघितलं. एकही पक्षी जागचा हलला नव्हता. त्या आनंदात पान प्रसिद्ध करून झोपलो.

घुबडाखालचं ‘मुख्य सल्लागार’ बदलायचं राहिलं, हे सकाळी कळलं. त्याखालचं ‘भेटीची वेळ ठरवा’ हे बटणही तसंच होतं. पण ते आता काढता येत नाही. गुरुवारच्या दोन वेळा गेल्या आहेत.