ग्लास फुकट लावून देणार ना?

नवीन फोन घ्यायचाय? मग आमच्या दुकानात शुक्रवारीच या. म्हापशाचा बाजार आणि वर जुलैचा पाऊस, याच्याइतका चांगला मुहूर्त नाही. एका हातात तायकिळ्याच्या जुड्या आणि फागलांची पिशवी असेल, दुसऱ्यात गळणारी छत्री. दोन्ही काउंटरवर ठेवा, बरोबर डेमो फोनांच्या शेजारी. आम्ही पुसतो. पुसायलाच तर ठेवलंय आम्हाला.

काउंटरला मी असेन तर माझ्याशी बोलू नका. माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारा, ‘दादलो कोण ना गो हांगा?’ पुरुषच पाहिजे ना, मी आत जाऊन आमच्या नव्या पोराला घेऊन येते. मला या काउंटरला सहा वर्षं झाली, त्याला तीन आठवडे. तुम्ही त्याला विचारता, तो माझ्याकडे बघतो, मी सांगते, तो तेच तुम्हाला सांगतो आणि तुम्ही मान डोलावता. पोरगा हुशार आहे म्हणून मालकाला सांगूनही जाता.

बजेट सांगू नका. ‘चांगलासा दाखव’ एवढं पुरे.

डब्यात चार्जर नाही म्हणून मला झापा. आयफोन 12 आला तेव्हा, 2020 च्या ऑक्टोबरात, ॲपलने डब्यातला चार्जर काढला आणि मग एकेक करत इतर काही कंपन्यांनीही काढला. पण तुमचा संशय बरोबर आहे. ते सगळे चार्जर मी डिचोलीच्या बसमधून रोज एकेक करून घरी नेते.

टॅक्ससुद्धा मीच लावते. 2025 ची चतुर्थी आठवते? 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की दिवाळीपर्यंत जीएसटी खाली येणार, आणि 27 ऑगस्टला चतुर्थी. अख्ख्या वर्षातला आमचा धंद्याचा पंधरवडा, आणि लोक दुकानात येऊन टीव्हीला हात लावून परत जात होते. ‘कमी झाला की घेऊ.’ टार्गेट मात्र कमी झालं नाही. मग 22 सप्टेंबरला एसीचा आणि 32 इंचांवरच्या टीव्हीचा टॅक्स 28 वरून 18 टक्के झाला आणि जेवायला वेळ मिळेना. त्या गर्दीत दर तिसरा माणूस विचारायचा, मोबाईलचा किती उतरला? मोबाईलचा 1 एप्रिल 2020 पासून 18 होता, 18 च राहिला. हे सांगितलं की तुम्ही असं बघता जणू मधले दहा टक्के मी ओच्यात बांधलेत.

‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घ्या आणि कागद न वाचता सही करा. व्याज असतंच हो त्यात. बँकांनी शून्य टक्के व्याज दाखवायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच सांगून ठेवलंय. म्हणून व्याज लावतात आणि तेवढीच सूट किमतीत देतात. शिवाय कार्डावर घेतलंत तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी पडतो, तो तुमचाच. दुसऱ्या महिन्यात स्टेटमेंट आलं की धावत या आणि चार माणसांत ‘फसवलं’ म्हणून ओरडा. (इथे माझीही बाजू फार स्वच्छ नाही. ‘नो कॉस्ट’ हे नाव मी ठेवलेलं नाही, पण दिवसातून चाळीस वेळा ते माझ्याच तोंडून जातं.)

फोन वॉटरप्रूफ आहे ना? मग कळंगुटला कमरेएवढ्या पाण्यात जाऊन व्हिडिओ काढा. पाणी शिरत नाही म्हणून जो आयपी68 शिक्का मिळतो, त्याची चाचणी प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यात होते, आणि पाणी शिरलं तर वॉरंटी नाही, हे कंपनीने बारीक अक्षरात लिहिलंय. बारीक अक्षर वाचायचं नसतं. फोनच्या पोटातली पांढरी पट्टी लाल झालेली दाखवली तरी म्हणा, ‘खिशातच होता, घाम लागला असेल.’ चार्जिंगच्या भोकातून वाळू पडत असताना म्हणा.

आता मुख्य सल्ला. फोन आमच्याकडे बघा आणि घ्या ऑनलाईन. लाजू नका, सगळेच करतात. पण करायचं तर मागच्या महिन्यातल्या त्या गृहस्थांसारखं करा.

ते आले जोडीने. सव्वा तास होते. पाच फोन उघडायला लावले, दोन रस्त्यावर नेऊन कॅमेरा तपासला. त्यांचे सेल्फी अजून आमच्या डेमो फोनात आहेत, अंगठा वर करून. दोनदा पाणी मागितलं, दोनदा आणून दिलं. शेवटी एक पसंत पडला. तेव्हा खिशातून स्वतःचा फोन काढला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, ‘हांगा अठराशे उणे आसात.’ म्हणजे ऑनलाईन अठराशेने स्वस्त. मी मालकाकडे गेले. मालकाने 900 सोडले. आमच्या मालकाने 900 सोडणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडे काम केलेल्यालाच कळेल. गृहस्थ म्हणाले, ‘बघतो. बायकोला विचारून येतो.’

बायको शेजारीच उभी होती.

आठ दिवसांनी परत आले. बरोबर फोन, डबा, बिल, सगळं ऑनलाईनचं. ‘बाय, जुन्यातलं सगळं यात घाल बघू. आणि ग्लास फुकट लावून देणार ना?’ मी म्हटलं, हा आपल्याकडे घेतलेला नाही. तर म्हणतात, ‘असूं दे गो. तुझंच काम ना ते?’

बसले स्टुलावर. जुन्या फोनचा अर्धा पडदा काळा. जीमेलचा पासवर्ड विचारला तर, ‘तो तुम्हीच ठेवला होता.’ मी त्या माणसाला जन्मात दुसऱ्यांदा बघत होते. खातं भाच्याने उघडून दिलेलं, ओटीपी जाणार भाच्याच्या नंबरवर आणि भाचा बोटीवर, कुठल्याशा समुद्रात. त्याची रेंज यायची वाट बघत मी उभी. आली एकदाची. मग फोटो: एकोणतीस हजार, त्यातले निम्मे तरी नरकासुरांचे, एकाच नरकासुराचे दहा-दहा. गूगलचं फुकटातलं 15 जीबी कधीच भरून वाहिलेलं. व्हॉट्सॲपचा बॅकअप 2024 पासून त्याच 15 जीबीत मोजतात, त्यामुळे तो बंद पडून वर्ष होऊन गेलेलं. म्हटलं, मधल्या वर्षाचं काढायला वेळ लागेल. ‘म्हणजे तू उडवलंस?’

तीन तास. जेवणाचा डबा उघडला नाही. एक बाई एसी घ्यायला आलेल्या, थांबून थांबून गेल्या. त्या एसीवर मला इन्सेंटिव्ह होता. मग ग्लास. पावसाळी हवेत टेम्पर लावायचा म्हणजे धुळीचा कण खाली जातोच. गेला. काढला, दुसरा लावला. त्यांनी फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघितला. ‘हांगा कितें तरी आसा.’ तिसरा लावला. 150 चा एक. हिशोब तुम्हीच करा.

रात्री साडेदहाला आमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट. एक तारा. ‘फोन बरा आहे. स्टाफ उद्धट. काउंटरवरची बाय मदत करत नाही.’ खाली मालकाचं एकच प्रश्नचिन्ह.

फोन बरा आहे! फोन आमचा नव्हताच!

आता सल्ला वगैरे राहू दे. तुम्हाला 900 वाचवायचे होते, वाचवा, पैसे तुमचे आहेत. मीही ऑनलाईन घेते, चपला घेते, कुकर घेतला. पण कुकरची शिट्टी वाजली नाही म्हणून बाजारातल्या भांडीवाल्याकडे जाऊन त्याचे तीन तास मी खाल्ले नाहीत. ज्याच्याकडून घेतलात त्याला सांगा ना, घरी येऊन फोटो चढव म्हणून. तिथे कोणी ‘बाय’ नाही, म्हणून इथे येता. इथे समोर माणूस आहे, त्याला ओरडता येतं, पाणी मागता येतं आणि वर घरी जाऊन तारेही मोजता येतात.

आणि ती बाय उभी असते, सकाळी साडेनऊपासून रात्री आठपर्यंत. दुकानातल्या कामगाराला बसू द्या, म्हणून केरळला 2018 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, तामिळनाडूला 2021 साली. आमच्याकडे चार स्टुलं आहेत, चारही गिऱ्हाइकांची. मालक वाईट आहे असं नाही. पण मी बसलेली दिसले की तुम्हीच सांगता त्यांना, ‘तुमची माणसं बसूनच असतात हो.’ मी ऐकलंय. दोन हातांवर होते मी.

सगळेच असे असतात असं मी म्हणत नाही. मयेची एक आजी येते. तिचा मुलगाही बोटीवर. सेटिंगमध्ये काहीतरी दाबलं जातं आणि अक्षरं बारीक होतात, तेवढ्यासाठी येते. दहा सेकंदांचं काम. गेल्या चतुर्थीला तिने आणलेला चिबूड आम्ही काउंटरच्या मागे उभ्या उभ्या खाल्ला, गुळाशिवाय. येते तेव्हा आधी विचारते, ‘जेवलीस गो?’ मग फोन पुढे करते. तिला फुकट लावून दिलाय मी ग्लास, माझ्या पैशाने. तिने मागितला नव्हता.

तर ते गृहस्थ, तुम्ही हे वाचत असाल. वाचत असणारच, फोन मीच चालू करून दिलाय. तो तारा तसाच ठेवा, मला काढून नकोय. पण तुम्ही परत येणार हे मला माहीत आहे, कारण डब्यात चार्जर नव्हता आणि जुना या फोनला लागत नाही. या. दाखवीन, बिल करीन, नीट बोलेन, त्याचाच पगार मिळतो मला. सूट मात्र मागू नका.

आणि छत्री बाहेर ठेवा. दारातच बादली आहे.