१९६६ची अ‍ॅम्बेसेडर, हेडचं काम आणि घाटात गेलेलं पॅकिंग

नमस्कार भाऊ,

आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन तुम्ही हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कामाबद्दल पाच तक्रारी लिहिल्या: ३१,५०० रुपये घेतले, गाडी दोन आठवडे अडकवली, एमजीबीचं (ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं) मोठं हेड बसवायला नाही म्हटलं, पिकअप तेवढाच राहिला, आणि एवढं करूनही चिखलदऱ्याच्या घाटात हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण त्यात निम्मी चूक आमची आहे.

गाडी टो होऊन आली तेव्हा हेड उचलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. पहिला सिलिंडर १३०, दुसरा ७०, तिसरा ६५, चौथा १२५ पीएसआय. शेजारशेजारचे दोन एकदम पडले की संशय व्हॉल्व्हवर नाही, मधल्या पॅकिंगवर जातो. उघडल्यावर तेच दिसलं. दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर काडेपेटीच्या काडीएवढी काळी वाट पडली होती. या इंजिनात त्या दोघांचा धूर एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, म्हणून हेड तिथेच सर्वांत जास्त तापतं. मधले नट २५ फूट-पाउंडांच्या (आवळण्याच्या जोराचं माप) जोरालाच हलले. आम्ही ते ४० ला आवळले होते.

नवं पॅकिंग गरम-थंड होत दबतं आणि नटांचा ताण उतरतो. त्यामुळे ५०० किलोमीटरला, इंजिन पूर्ण थंड असताना, प्रत्येक नट पाव फेरा सैल करून मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा ४० ला आवळायचा असतो. एकूण ११ नट आहेत. हेड खाली बसलं की टॅपेटची फटही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली मोकळी जागा) बदलते, म्हणून लगेच ०.३८ मिमीच्या फिलर गेजने आठही व्हॉल्व्ह बघायचे. आठवा पूर्ण दबला असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सहावा दबला की तिसऱ्याची, दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमची गाडी ९०० किलोमीटर चालली, तीही मे महिन्यात. पण “५०० ला दाखवा” हे आम्ही बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आणि फोन केला नाही. ती चूक आमची.

रेडिएटरचं मात्र तेव्हाच सांगितलं होतं. बोअरवेलच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसला होता, उघडून सळई मारायला हवी होती. ते काम तुम्ही पुढे ढकललं.

आता मोठं हेड. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी. तुमचं १४८९ सीसीचं, बोअर ७३ मिमी. त्या हेडचे व्हॉल्व्ह ३९.७ आणि ३४.१ मिमीचे, म्हणजे दोन्ही मिळून ७३.८, तुमच्या बोअरपेक्षा जास्त. ब्लॉकच्या कडेला खाचा पाडल्याशिवाय ते उघडताना कडेवरच आपटतील, आणि एकदा पाडलेली खाच परत भरता येत नाही. शिवाय तुम्हाला व्हीए मालिकेचा (विंटेज गाड्यांचा) नंबर घ्यायचा आहे. २०२१च्या नियमात ५० वर्षांपुढची गाडी मूळ स्वरूपातच हवी, इंजिनातला मोठा फेरफार तिथे आड येतो. नकार त्यासाठी होता, भाऊ.

पैसे आणि दिवस गेले व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये (बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यांमध्ये). शिसं असलेलं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं. त्याआधी शिशाचा थर एक्झॉस्ट सीटला सांभाळायचा. आता बीड लोखंडाच्या उघड्या सीटवर व्हॉल्व्ह आपटून आपटून आत रुततो, टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. तुमचे दोन रुतलेलेच होते. चारही एक्झॉस्टच्या जागा कोरून कडक सीटा बसवल्या. सीट भोकापेक्षा ०.१ मिमी मोठी ठेवून, थंड करून ठोकली. कोरताना पाण्याच्या पोकळीत भोक पडण्याची भीती असते, म्हणून आधी आणि नंतर दोनदा प्रेशर टेस्ट झाली. लेथवाल्याकडे पाच दिवस त्यातच गेले. गाईड आणि व्हॉल्व्ह नवे आहेत.

“पिकअप तेवढाच” हे खरं आहे. हेड ०.२० मिमी वाकलं होतं. तुम्ही पिकअप मागितला म्हणून ०.७५ घासलं. त्याने प्रत्येक सिलिंडरमागे दोनेक सीसी जागा कमी झाली, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) ७.२ वरून ७.४ च्या आसपास गेला. एवढ्याने पायाला फरक कळत नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं. अजून घासा म्हणाल तर आम्ही घासणार नाही. नागपूरच्या उन्हात साध्या पेट्रोलवर नॉकिंगला (इंजिन आत ठोके देण्याला) आमंत्रण कशाला?

नवं पॅकिंग, हेडची आणि ब्लॉकची लेव्हल तपासणी आणि मजुरी आमच्याकडून. रेडिएटरचा खर्च तुमचा, पण त्याशिवाय गाडी बाहेर काढणार नाही. शनिवारपर्यंत तयार होईल. पुढच्या ५०० किलोमीटरला सकाळी इंजिन सुरू न करता आम्हाला बोलवा, रेंच घेऊन घरी येतो.