भोंडल्याच्या रिंगणात जीप

पुण्यात फोर बाय फोर जीप बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि त्याचं उत्तर ऐकून दुसरा, "मग ठेवलीय कशाला?" दुसऱ्याचं उत्तर मी अजून तयार करतोय. वर्षभर ती मंडईतून भाजी आणते आणि पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला कुठल्या तरी ओढ्यात उतरते. भाजीचा तिला काही त्रास होत नाही. ओढ्याचा मात्र दसऱ्यापर्यंत पुरतो.

गाडी आहे 'एमएम 540', नव्वदच्या दशकातली. तिच्या पोटाखाली दोन प्रॉपेलर शाफ्ट आहेत, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळ्या. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ती ताकद पुढेमागे वाटून देणाऱ्या पेटीतून, एक पुढच्या अ‍ॅक्सलला (चाकांच्या आसाला) जातो, एक मागच्या. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे शाफ्टला वाकून फिरू देणारा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, आणि मध्ये लांबी कमीजास्त होणारा स्लिप जॉइंट, कारण खड्ड्यात अ‍ॅक्सल वरखाली झाला की शाफ्टलाही लांब-आखूड व्हावं लागतं. क्रॉसच्या चार टोकांवर चार कप, कपांत बारीक सुयांची बेअरिंगं. ओढ्यातलं पाणी सीलमधून आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि सुया गंजायला लागतात. मग क्लच सोडताना खालून 'टक्' असा आवाज येतो. त्याकडे काणाडोळा करत राहिलं तर एक दिवस क्रॉस तुटतो आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर आपटतं. ते डांबरात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते, आणि हे कात्रजच्या घाटात होऊ नये एवढी माझी माफक अपेक्षा आहे. ते टाळायचं तर सहा निपल (ग्रीस आत भरायची छोटी तोंडं), सहा ठिकाणी ग्रीस. गाडीच्या पुस्तकात याला एक परिच्छेदसुद्धा दिलेला नाही.

दरवर्षी हे काम गॅरेजवाला करतो. म्हणजे बिलात तसं लिहिलेलं असतं. यंदाही बिलावर 'ग्रीसिंग, 350' होतं. घरी येऊन खाली डोकावलो तर सहाही निपलांवर ताम्हिणीचा चिखल लागला तसा वाळलेला. फोन केला. "मारलंय की साहेब, पोरानं माझ्यासमोर मारलं." कुठे मारलं? "सगळीकडे." यावर वाद घालायला जागा नव्हती. ग्रीस खरोखरच सगळीकडे होतं. स्टिअरिंगला, सीटला, दाराच्या कडीला. तेवढी सहा ठिकाणं सोडून.

खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाडीचीही पूजा होते. आतून गंजत चाललेल्या गाडीला वरून झेंडूचा हार घालणं मला पटेना. तेव्हा नवरात्रातला शनिवार गाठून घरीच करायचं ठरवलं. ग्रीस गन बोहरी आळीतून आणली, निपल आणि ग्रीस नाना पेठेतून. दोन्हीकडे बसने गेलो. जीप डोंगर चढते, पण रविवार पेठेत तिला उभं राहायला जागा मिळत नाही.

"कुठलं ग्रीस? लाल, निळं का पिवळं?" दुकानदाराने विचारलं.

"लिथियमचं, ईपी, दोन नंबर."

"हो, पण रंग कुठला?"

ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं, दोन नंबर हा त्याचा घट्टपणा. ग्रीसचा रंग हा कंपनीने घातलेला रंग असतो, त्यावरून गुण कळत नाहीत. बघायचं असतं ते तेलाला घट्ट धरून ठेवणारा आतला साबण लिथियमचा की कॅल्शियमचा की आणखी कशाचा, कारण न जुळणारी दोन ग्रीसं एकत्र आली तर पातळ होऊन गळून जातात. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पिवळं न्या. लोक पिवळंच नेतात." डबा फिरवून पाहिला, लिथियमचंच निघालं. वाद जिंकल्याचं समाधान मात्र त्यालाच.

जीप उंच असल्यामुळे जॅक लावावा लागत नाही, नुसतं खाली सरकायचं. अंथरायला चौकातून उतरवलेला एक फ्लेक्स वॉचमनने आणून दिला. त्यावर एका भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आणि खाली सतरा-अठरा 'शुभेच्छुक'. एवढ्या मोठ्या माणसाचं पाठबळ मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं.

आता हँडब्रेक. या जीपचा हँडब्रेक चाकांना लागत नाही, ट्रान्सफर केसच्या मागे थेट शाफ्टलाच लागतो. म्हणजे ब्रेक ओढला तर शाफ्ट जागचा हलत नाही आणि सोडला तर गाडी जागेवर राहत नाही. आमच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून गेटकडे उतार दिलेला आहे. पाणी कधी वाहून गेलेलं पाहिलं नाही, पण गाडी गेली असती. तेव्हा चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल केला आणि आत शिरलो.

निपल वर होता. निपल कायम वरच असतो. शाफ्ट गोल, त्यावर निपल एकीकडे, म्हणजे निदान अर्ध्या वेळा तरी तो खाली सापडायला हरकत नाही. पण चेसिसच्या बाजूला तोंड करून बसायचं हा त्याचा धर्म आहे. तो खाली आणायचा तर गाडी ढकलावी लागते, आणि चाकाचा एक फेरा होतो तेवढ्यात शाफ्टचे चार-पाच होतात. थोडक्यात, गाडी वीतभर सरकली की शाफ्ट अर्धा फेरा फिरतो. टनाहून जड गाडी बरोबर वीतभर ढकलायची. वॉचमनने ढकलली ती हातभर, निपल पुन्हा वर. मागे घेतली, मागचा निपल दिसला, पुढचा लपला. पुढचा शाफ्टही चाकांबरोबरच फिरत असल्यामुळे दोघांनी एका वेळी दर्शन द्यायचं नाही असं आपसात ठरलेलं होतं.

एवढ्यात बंपरपाशी दोन कोल्हापुरी चपला येऊन थांबल्या. पहिल्या मजल्यावरचे काका. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. "हूक्स जॉइंट," ते वाकून म्हणाले. म्हणजे माझा तो क्रॉस. "पण खरं म्हणजे कार्डनचं नाव आधी घ्यायला हवं. तो सोळाव्या शतकातला, हूक सतराव्या." त्यानंतर त्यांनी, एकच जॉइंट असला तर त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो, तो फरक दुसरा जॉइंट कसा खाऊन टाकतो आणि म्हणून शाफ्टवरच्या दोन बाणांच्या खुणा का जुळवायच्या, हे सगळं सांगितलं. एकूण एक बरोबर होतं. मी उताणा, एक हात चेसिसमध्ये कोपरापर्यंत अडकलेला, डोळ्यांत वाळलेला चिखल पडतोय. इतकं एकाग्र होऊन मी कॉलेजात कुठलंही लेक्चर ऐकलं नव्हतं.

ग्रीस गनने दांडा मारला की नुसती खोटी खोटी मान डोलावली. आत हवा अडकलेली. गनचं डोकं दोन आटे सैल करून हवा सोडली, पुन्हा आवळलं. मग ग्रीस आलं, पण निपलमध्ये न जाता बाजूने, मनगटावरून कोपरापर्यंत. निपलमधली झडपेची गोळी चिखलाने अडकून बसली होती. आठचा पाना लावून तो काढला, नवा बसवला, गनचं तोंड त्यावर 'टच्' करून बसलं. आता दांड्याला जोर लागायला लागला. एका कपाच्या सीलमधून आधी तांबूस पाण्याचा थेंब आला, म्हणजे ताम्हिणीचा ओढा अजून आतच होता. मग काळं, चिकट, रवाळ असं काहीतरी, आणि त्यामागून पिवळी स्वच्छ कड. दुसऱ्या कपातून तेच, तिसऱ्यातून तेच. चौथा कोरडा.

"चारी कपांतून आलं पाहिजे," काका म्हणाले. "तीनवर सोडलंस तर जाईल तो चौथाच. शाफ्ट वरखाली हलव, त्या बाजूचा भार जाऊ दे, मग दाब."

"अरे, गाडी हलवतोस ना?" हा बायकोचा आवाज. "साडेपाचला भोंडला आहे."

पार्किंगमधली मोकळी जागा तेवढीच, आणि वीत वीत सरकत गाडी तिच्या बरोबर मधोमध आली होती. मी आतून ओरडलो की निपल आत्ता खाली आहे, एका वितीने गाडी हलली तरी सगळं मुसळ केरात. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही असा ठराव आहे. काका म्हणाले, ही दुरुस्ती नाही, देखभाल आहे, ठरावाचा मसुदा मीच केला होता. बायकांनी थोडा वेळ घड्याळाकडे, थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहिलं. मग तळमजल्यावरच्या आजींनी तोडगा काढला. हत्तीचा पाट बॉनेटवर ठेवायचा आणि गाडीभोवती फेर धरायचा.

त्यामुळे यंदाचा भोंडला मी असा पाहिला, जसा पुण्यात कुठल्या पुरुषाने पाहिला नसेल: घोट्यापर्यंत. पैठण्यांचे काठ, पैंजण, मधूनच जीन्सची एक जोडी, सगळं चारी बाजूंनी गोल फिरतंय. प्रत्येक गाण्याच्या ठेक्यावर मी दांडा दाबतोय. शाफ्ट हलवला, दाबलं. पुन्हा हलवला, दाबलं. मधेच सील 'चिर्र' वाजलं आणि चौथ्या कपातून तांबूस पाणी आलं, मग काळं, मग पिवळं. मी "आलं!" म्हणून ओरडलो. फेर थांबला. कुणाला तरी वाटलं मला लागलं.

उरलेल्या निपलांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. स्लिप जॉइंटपाशी काकांनी हात आखडता घ्यायला लावला. तिथे ठासून भरलं तर अ‍ॅक्सल वर उचलला जाताना शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही, मग एक तर टोकाला बसवलेली पत्र्याची टिकली उडते नाही तर ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर ताण येतो. कडेला ग्रीस दिसलं की बस. गनचं तोंड सरळ ओढून निघत नाही, जरासं तिरकं केलं की सुटतं, हेही त्यांनीच सांगितलं. तोवर मी ओढून ओढून घामाघूम झालो होतो. ही माहिती ते कार्डनच्या आधी देऊ शकले असते.

बाहेर आलो तेव्हा खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम चालू होता. झाकलेले डबे रांगेत, मुलं ओरडतायत. गोड का तिखट? ओली का कोरडी? एका चिमुरडीचं लक्ष टायरपाशी उघड्या पडलेल्या माझ्या डब्याकडे गेलं. "आम्रखंड!" आणि बोट आत जाणार एवढ्यात बायकोने डबा उचलला. त्या झटापटीत तिच्या पैठणीला लागलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. डाळीचं पीठ, डिझेल आणि ड्रायक्लीनिंग अशा तीन पायऱ्यांनी तो प्रश्न सध्या हाताळला जातोय.

गाडी जागेवर लावून परत आलो. खाली 'टक्' नव्हतं. ते कुणाला सांगावं म्हणून वळलो तर समोर सेक्रेटरीबाई, हातात खिरापतीची वाटी.

"गन भरलेली आहे का अजून?"

"आहे की, अर्धी."

"मग सोसायटीच्या गेटला जरा मार ना. रात्री उघडलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत कुरकुर ऐकू येते."

मी सांगितलं की गेटच्या बिजागरीला निपल नाही, गन लागणार कुठे?

"निपल बसवता येईल," काका म्हणाले. ते केव्हाच गेटपाशी वाकून बिजागरी चाचपत होते. "सहा मिलिमीटरचा आटा पाडू. ड्रिल आहे माझ्याकडे."

"भोक पाडायचं?" सेक्रेटरीबाईंनी वाटी मागे घेतली. "मग आधी जनरल बॉडीत ठराव आणावा लागेल."