एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही वॉशिंग मशीन नेल्यावर चार दिवसांत आम्ही त्याच मॉडेलचा भाव 8 टक्क्यांनी उतरवला, फरक परत दिला नाही आणि काउंटरवरचा मुलगा "मग तिकडूनच घ्यायचं होतं" असं म्हणाला, ही तुमची तक्रार. मुलगा तसं बोलला, ते चुकलंच. माफी मागतो.

पण "लुटारू" हा शब्द फार लागला. सोमवारी तुम्हीच मोबाईलवर समोरच्या दुकानाचा भाव दाखवलात आणि आम्ही त्याहून खाली येऊन बिल केलं. बुधवारी त्यांनी आणखी उतरवला. शुक्रवारी आम्हीही उतरवला, तो नाइलाजाने. शुक्रवारचा भाव मला सोमवारी माहीत असता, तर मी एवढा माल भरलाच नसता! जुन्या खरेदीचे नग गोदामात पडून आहेत आणि आता ते खरेदीच्याही खाली जातायत.

तुम्हाला वाटतं भाव उतरवला तरी आम्हाला भरपूर सुटतं. समजा 100 रुपयांच्या नगावर 20 रुपये सुटतात. भाव 5 ने उतरवला, तर तेवढेच पैसे हाती यायला 100 ऐवजी जवळपास 133 नग विकावे लागतात. 10 ने उतरवला तर थेट 200. भाडं, पगार, वीजबिल यातूनच जातं, आणि समोरच्यानेही उतरवल्यावर जादा गिऱ्हाईक येणार कुठून? ते घाऊक माल उचलतात, त्यांना खरेदीच स्वस्त पडते. मशीन तोट्यात देऊन स्टँड, पाइप, वाढीव वॉरंटी यांत भरून काढतात. आम्ही तुमचं मशीन फुकट बसवून दिलं, त्याचा उल्लेख तुमच्या रिव्ह्यूत नाही. असो.

"दोघं आतून एकच आहेत" असंही लिहिलंत. एक असतो तर भाव उतरलाच नसता हो. दोघांनी बसून भाव ठरवणं कायद्यानेही चालत नाही, आणि आमचं तर एकमेकांशी बोलणंही नाही.

फरकाचं काय करता येईल ते बघतो. आठवड्याच्या आत भाव उतरला तर काहीतरी सवलत द्यावी असं डोक्यात आहे, अजून पक्कं नाही. मुलाला समज दिली आहे. बिल घेऊन या, संध्याकाळी मी दुकानातच असतो. आणि जमलं तर रिव्ह्यूत खरेदीचा वार तेवढा घाला.